विमानाचं पहिलं तिकीट काढताय? आधी तारीख, मग विमानतळ, मग वेबसाइट

पुण्यात राहणाऱ्या माझ्या आत्येभावाच्या घरी दिवाळीत ठरलं की मे महिन्यात दार्जिलिंग-गंगटोकला जायचं. हॉटेलं बघून झाली, मुलांना लोकरी टोप्या आल्या, आणि विमानाची तिकिटं काढायला बसले ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. चौघांचं जाऊन-येऊन भाडं बघितल्यावर वहिनीने मला फोन केला, "भाऊजी, यात काही कमी होईल का?" मी दोन तास खटपट केली. फार काही वाचलं नाही, कारण जे पैसे वाचायचे असतात ते तारीख आणि विमानतळ ठरवतानाच वाचतात. पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्या घरांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरण त्याच सहलीचं घेतो.

आधी भाडं का हलतं ते समजून घ्या

आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर बहुतेक ठिकाणी दिसणाऱ्या एअरबस ए३२० विमानात साधारण १८० ते १८६ सीट असतात. त्या सगळ्या एकाच भावाने विकल्या जात नाहीत. कंपनी सीटचे गट पाडते: काही सगळ्यात कमी दराच्या, काही त्याहून वरच्या, असं करत शेवटचा गट चांगलाच महाग. खालचा गट संपला की पुढचा दर लागू होतो. विक्री अपेक्षेपेक्षा संथ चालली असेल तर कंपनी खालचा गट पुन्हा उघडतेही. म्हणून भाडं कधी कधी उतरतं. पण सुट्टीच्या दिवसांत त्या आशेवर बसू नका.

भाडी कंपन्याच ठरवतात, हेही लक्षात ठेवा. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून सरकारने भाड्याला मर्यादा घातली होती, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. डिसेंबर २०२५ मध्ये हजारो उड्डाणं रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा पुन्हा तात्पुरती कमाल भाडी ठरवून दिली गेली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या वरच्या मार्गांना १८,००० रुपये. असं अपवादानेच होतं. एरवी शेवटच्या क्षणी तिकीट काढणाऱ्याला कुणाचं संरक्षण नसतं.

पायरी पहिली: तारीख सैल करा

"१० मे ला निघायचं" असं ठरवून शोधायला बसू नका. "मे च्या पहिल्या पंधरवड्यात कधीही, सात रात्री" असं ठरवा. गूगल फ्लाइट्सवर तारखेच्या चौकोनावर टिचकी मारली की प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचं कमीत कमी भाडं दिसतं. स्कायस्कॅनरवर पूर्ण महिना निवडता येतो. हे कॅलेंडर पाच मिनिटं नुसतं बघा. कुठले दिवस स्वस्त आहेत ते लगेच कळतं.

साधारणपणे शुक्रवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ महाग असते, कारण नोकरदारांची ये-जा तेव्हाच असते. मंगळवार, बुधवार आणि बऱ्याचदा शनिवारची दुपार त्या मानाने बरी. इथे एक गैरसमज दूर करतो. स्वस्त असतो तो मंगळवारचा प्रवास. मंगळवारी बसून तिकीट काढल्याने काही मिळत नाही.

शाळांच्या सुट्ट्या हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घटक आहे. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या दहा दिवसांत परतीची भाडी चढलेली असतात. मुलं लहान असतील आणि परीक्षा लवकर संपत असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा बघा. दार्जिलिंगला तेव्हा हवा छान असते आणि सुट्टीची मुख्य गर्दी अजून सुरू व्हायची असते. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर जिथे जाताय तिथला सणही बघा. दुर्गापूजेच्या दिवसांत बंगालमधलेच पर्यटक डोंगराकडे निघतात, आणि कोलकाता-बागडोगरा भाडं आपल्या दिवाळीची वाट न बघता वर जातं.

वेळेचंही तसंच. पहाटे पाचचं आणि रात्री अकराचं विमान स्वस्त दिसतं. पण पहाटे दोनला घरातून निघायला लागणारी टॅक्सी आणि रात्री एकला पोचल्यावर लागणारी हॉटेलची जादा रात्र त्यात धरा. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला किंवा दिल्लीमार्गे जात असाल तर पहाटेचं विमान मी घेऊच नका म्हणेन. धुक्यामुळे तिथली सकाळची उड्डाणं रखडतात, आणि पुढची गाडी किंवा विमान चुकलं तर वाचवलेले हजार रुपये कुठल्या कुठे जातात.

पायरी दुसरी: पोचता येतील असे सगळे विमानतळ कागदावर लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, आणि नवखा माणूस नेमका इथेच विचार करत नाही. कागदाच्या डाव्या बाजूला आपल्या घरापासून पोचता येतील ते विमानतळ लिहा, उजव्या बाजूला मुक्कामाजवळचे.

डावी बाजू गावागावानुसार बदलते. कोल्हापूरकराला उजळाईवाडी आहे, पण बेळगावचं सांबरा, गोव्याचं मोपा आणि पुणेही आहे. लातूर, नांदेड, सोलापूरच्या माणसाने पुण्या-मुंबईइतकंच हैदराबादकडे बघावं. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळला नागपूर. सावंतवाडी-कुडाळच्या लोकांना मोपा हाकेच्या अंतरावर. छोट्या विमानतळांवरून उडान या सरकारी योजनेतली विमानं असतील तर त्यातल्या काही सीटना भाड्याची मर्यादा असते. त्या सीट आधी संपतात, तेव्हा आधी तपासा.

पुणेकरांचा नेहमीचा प्रश्न: मुंबईहून स्वस्त पडतं, मग मुंबईहून जायचं का? हिशेब मांडूनच उत्तर द्या. समजा मुंबईहून माणशी १,२०० रुपये कमी आहेत. चौघांचे वाचले ४,८००. पण पुण्याहून मुंबई विमानतळाला टोलसकट टॅक्सी साधारण ४,००० रुपये झाली, तर हातात राहिले ८००, आणि गेले चार-पाच तास. नको तो प्रवास. तोच एकटा माणूस बसने गेला तर पाचशे-सहाशेत मुंबईत पोचतो आणि त्याचे थोडे तरी पैसे वाचतात. परदेशी जाताना मात्र फरक माणशी दहा-पंधरा हजारांचा असू शकतो. तेव्हा मुंबई जरूर बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो आणि तिथून उलवे, जिथे हा विमानतळ आहे, जवळ आहे. पुण्याच्या माणसाला शहरातली वाहतूक न ओलांडता पोचता येतं, म्हणून तो वेगळा तपासा.

आता उजवी बाजू. दार्जिलिंग-गंगटोकचा विमानतळ म्हणजे सिलिगुडीजवळचं बागडोगरा. सगळे तिथलंच भाडं बघतात. पण कोलकात्याला विमानं कितीतरी जास्त, स्पर्धा जास्त, म्हणून भाडं बहुतेक वेळा कमी. रात्री सियालदहहून दार्जिलिंग मेल पकडली की सकाळी न्यू जलपाईगुडीला उतरता येतं. हॉटेलची एक रात्रही वाचते. आत्येभावाने पुढच्या वर्षी हेच केलं: जाताना पुणे-कोलकाता विमान आणि रात्रीची गाडी, येताना बागडोगऱ्याहून विमान. मुलांना विमानापेक्षा रेल्वेतली रात्रच जास्त आवडली.

ही जुळणी करताना क्रम सांभाळा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. विमानाचं तिकीट त्याआधीच काढलेलं असतं, म्हणून आरक्षण उघडायच्या दिवशी सकाळी आठला कुणीतरी मोबाइल घेऊन बसायला हवं. आणि विमान दुपारपर्यंत कोलकात्यात उतरेल असंच घ्या. संध्याकाळचं विमान दोन तास उशिरा आलं तर रात्रीची गाडी जाते आणि ते पैसे कुणी परत देत नाही.

परतीला उलट काळजी. गंगटोकहून बागडोगरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता तिस्तेच्या काठाने जातो आणि दरड कोसळली की तासन् तास बंद राहतो. सकाळी गंगटोक सोडून दुपारचं स्वस्त विमान पकडायचा बेत करू नका. आदल्या रात्री सिलिगुडीत उतरा.

पायरी तिसरी: विमानतळाचं नाव पूर्ण वाचा

गोव्यात दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळ दाबोळी, कोड जीओआय, आणि पेडण्यात मोपा, कोड जीओएक्स. मडगावकडे राहायचं असेल आणि स्वस्त म्हणून मोपाचं तिकीट घेतलं तर टॅक्सीत फरक निघून जातो. मुंबईत आता मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ. शिवाय मुंबईचं टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला. दोन्ही इमारतींमध्ये रस्त्याने जावं लागतं. दिल्लीला शोधताना गाझियाबादचं हिंडनही यादीत येतं. वाईट यातलं काहीच नाही. चूक होते ती न वाचल्याने.

पायरी चौथी: आधी एकाच माणसासाठी शोधा

ही गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही चौघांसाठी एकदम शोधता तेव्हा यंत्रणा चारही सीट एकाच गटातल्या देते. समजा ५,२०० च्या गटात तीनच सीट उरल्यात आणि पुढचा गट ६,४०० चा आहे. चौघांनाही माणशी दर दिसेल ६,४००, म्हणजे एकूण २५,६०० रुपये. तेच आधी तिघांचं काढलं, १५,६००, आणि मग चौथ्याचं ६,४००, तर एकूण २२,०००. तेच विमान, त्याच दिवशी, ३,६०० रुपयांनी कमी.

म्हणून आधी एकासाठी शोधून भाडं टिपा, मग दोघांसाठी, तिघांसाठी. ज्या आकड्याला भाडं उडी मारतं तिथे तिकिटं फोडा. यात जपायचं ते एवढंच की पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, दोन होतील. लहान मूल आई किंवा वडिलांच्या पीएनआरवरच ठेवा. आजी-आजोबांना वेगळ्या पीएनआरवर एकटं टाकू नका, कारण विमानाची वेळ बदलली किंवा ते रद्द झालं तर प्रत्येक पीएनआरचं वेगळं निस्तरावं लागतं.

मोबाइलवर खासगी विंडो उघडून शोधलं की भाडं कमी दिसतं, असंही लोक सांगतात. मी कितीदा तरी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, मला फरक आढळला नाही. वाढलेलं भाडं बहुतेक वेळा गट संपल्यामुळे वाढलेलं असतं.

पायरी पाचवी: तुलना एकीकडे, खरेदी दुसरीकडे

तुलनेसाठी गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर किंवा बुकिंगची मोठी ॲप वापरा. पसंत पडलेलं विमान मग कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर उघडा. दोन-तीनशे रुपयांचाच फरक असेल तर मी नेहमी कंपनीकडून थेट घेतो. एका वर्षी मी एका मध्यस्थ वेबसाइटवरून चारशे रुपये वाचवले होते. विमान रद्द झालं, कंपनी म्हणाली मध्यस्थाशी बोला, मध्यस्थ म्हणाला कंपनीने पैसे पाठवले नाहीत. परतावा यायला तीन महिने लागले.

थेट घेण्याचा आणखी एक फायदा आहे. देशांतर्गत प्रवास किमान सात दिवस पुढे असेल आणि तिकीट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं असेल, तर काढल्यापासून निदान २४ तासांत ते रद्दीकरणाचं शुल्क न भरता रद्द करता येतं किंवा बदलता येतं. बदलताना नव्या विमानाचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक भरावा लागतो. घरात कुणाची रजा पक्की नसेल आणि भाडं चांगलं दिसत असेल, तर ही सोय फार उपयोगाची.

बँकांच्या कार्डांवरच्या सवलती मात्र बहुतेक मध्यस्थ ॲपवरच मोठ्या असतात. तुमच्याकडे तेच कार्ड असेल आणि एकूण रकमेत हजार-दीड हजार सुटत असतील तर तिथून घ्यायला हरकत नाही. सवलतीसाठी नवं कार्ड काढू नका.

केंद्र सरकारी नोकरीत असाल आणि एलटीसीवर (सरकारकडून मिळणाऱ्या प्रवास सवलतीवर) जायचं असेल तर वेगळा नियम आहे: तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायचं असतं. कुठेतरी स्वस्त मिळालं म्हणून काढलं तर बिल अडकतं.

पायरी सहावी: शेवटच्या पानावरचा आकडा धरा

यादीत दिसतो तो आकडा आणि पैसे भरताना येतो तो आकडा यांत फरक असतो. मूळ भाड्यावर विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के जीएसटी लागतो. त्यानंतर येतं सुविधा शुल्क, तेही बहुतेक ठिकाणी माणशी. यूपीआयने भरल्यावर ते काही ठिकाणी कमी होतं, म्हणून भरण्याच्या पद्धती बदलून एकूण रक्कम बघा.

मग सीट निवडायचं पान. इथे नवखी माणसं हमखास पैसे घालवतात. पान अशा पद्धतीने समोर येतं की सीट घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. खाली कुठेतरी "वगळा" असतं. वेब चेक-इनच्या (प्रवासाआधी ऑनलाइन बोर्डिंग पास काढायच्या) वेळी फुकट सीटही मिळतात, फक्त त्या बहुधा मधल्या किंवा मागच्या असतात. लहान मुलासोबत शेजारीच बसायचं असेल तर एका जोडीचे पैसे भरणं मी समजू शकतो. विमा, जेवण, लवकर बोर्डिंग यांच्या खुणा आधीच पडलेल्या असतील तर काढून टाका.

सामानाचा हिशेब घरी काट्यावर करा. देशांतर्गत कमी दराच्या तिकिटात साधारणपणे १५ किलोची चेक-इन बॅग (काउंटरवर द्यायची) आणि ७ किलोची हातातली बॅग चालते. काही स्वस्त दरांत चेक-इन बॅग धरलेलीच नसते, ते आधी वाचा. वजन वाढणार असेल तर जादा किलो ऑनलाइन आधी घ्या. काउंटरवर किलोमागे काहीशे रुपये जातात. डोंगरावर जाताना लोकरी कपड्यांनी बॅग भरते, तेव्हा जाड जाकीट अंगावर घालून विमानात चढा.

विद्यार्थी, ६० वर्षांवरचे नागरिक, सैन्यदलातले लोक यांना बऱ्याच कंपन्यांची सवलत असते. शोधतानाच ती खूण करावी लागते, नंतर लावता येत नाही. विमानतळावर मूळ ओळखपत्र मागतात. आणि सवलतीचा दर साध्या दरापेक्षा कमी आहे ना, हे दोन्ही उघडून बघा. कधी कधी साधाच कमी निघतो.

पायरी सातवी: किती आधी काढायचं

साध्या दिवसांच्या देशांतर्गत प्रवासाला महिना-दीड महिना आधी पुरतं. मे, दिवाळी, नाताळ, जोडून येणाऱ्या सुट्ट्या यांना तीन ते चार महिने. गूगल फ्लाइट्सवर मार्ग आणि तारीख निवडून भाड्यावर पाळत ठेवायची सोय आहे. चालू केली की भाडं बदलल्यावर मेल येतो. पण मनाशी एक आकडा ठरवा. माणशी सहा हजार तुम्हाला परवडत असतील आणि भाडं तिथे आलं, तर काढून मोकळे व्हा, आणि नंतर पुन्हा बघू नका.

देशात जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळ्या कंपन्यांचं घेतलं तरी सहसा तोटा नसतो, प्रत्येक बाजूचं भाडं स्वतंत्रच असतं. परदेशात मात्र मोठ्या कंपन्यांचं जाऊन-येऊन तिकीट दोन सुट्या तिकिटांपेक्षा बरंच स्वस्त असू शकतं. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी काढताना परतीची तारीख बदलायला किती पैसे लागतील ते आधी वाचा, कारण मुक्काम बहुतेक वेळा लांबतो. आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. दोन सुटी तिकिटं जोडून स्वस्तात जमवलेला प्रवास तरुण, एकट्या माणसाने करावा. आईला त्यावर पाठवू नका.

पैसे भरल्यावर

पीएनआर आला की कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तिकीट दिसतंय ना ते तपासा. नाव ओळखपत्राप्रमाणेच हवं. चूक दिसली तर २४ तासांच्या आत कळवा. तिकीट रद्द करावं लागलं तर सगळे पैसे बुडाले असं समजू नका. अगदी परतावा नसलेल्या तिकिटावरही कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात. ती मागून घ्या. मदतीचा फोन नंबर गूगलवर शोधू नका, खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. तिकिटावर छापलेलाच वापरा.

मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांची वेळापत्रकं बदलतात. त्याआधी काढलेल्या तिकिटाची वेळ सरकू शकते, म्हणून तुमचाच मोबाइल नंबर आणि ईमेल तिकिटावर आहे ना ते बघा, एजंटचा नको. घरातली मोठी माणसं एकटी जाणार असतील तर पीएनआर, विमानतळाचं पूर्ण नाव, टर्मिनल आणि निघायची वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, आणि तो कागद आधार कार्डासोबत त्यांच्या पाकिटात ठेवा.